लिंबू, सात मिरच्या आणि दोन कृष्णविवरं

ठाण्यात बाळकुमचा गाळा आम्ही भाड्याने घेतला तो तिथे शांतता होती म्हणून. जानेवारी महिना होता. थरथर मोजणारं एक छोटं यंत्र जमिनीवर ठेवून मी तिथे तीन दिवस बसले, आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ इतकी सरळ राहिली की वायर नीट लागली आहे ना हे मला दोनदा उठून बघावं लागलं. मागे गावठाणातली जुनी घरं, पुढे नव्या संकुलांच्या उंच इमारती, आणि मधे एका ओळीत पत्र्याच्या छपराचे चार गाळे. शेजारच्या गाळ्याला कुलूप होतं. मी साहेबांना फोन करून सांगितलं, हाच घेऊ. त्या कुलपाच्या आत काय आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. बंद दाराचा आवाज शून्य, एवढं गणित मी केलं आणि पुढे गेले.

साहेब म्हणजे आमचे मालक. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा छोटा कारखाना आहे. जनरेटर, पिठाच्या गिरण्या, लिफ्टच्या मोटारी यांच्या पायाखाली जाड रबराचे तुकडे बसवतात, म्हणजे यंत्र धडधडलं तरी इमारत धडधडत नाही. ते तुकडे आम्ही बनवतो. माझ्या मुलाखतीत साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, तोही इंग्रजीत. मी उत्तर मराठीत दिलं, कारण उत्तर मला येत होतं आणि इंग्रजी त्या क्षणी येत नव्हतं. ते म्हणाले, रबराला मराठी कळतं, उद्यापासून या. त्या एका वाक्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. पुढे जे झालं त्यात माझी भूक उडाली, तीही त्या वाक्यामुळेच.

माझं शिक्षण तालुक्याच्या गावी झालं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील लवकर गेले, आईने शिवणकाम करून मला कॉलेजात घातलं. तिथे असतानाच ती बातमी आली. आमच्या सरांनी वर्तमानपत्र वर्गात आणलं आणि बातमी दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्या वेळी त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नव्हता. खूप दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांत मिसळली होती. त्या धक्क्याने खुद्द अवकाशाला सुरकुती पडली. ती सुरकुती शंभर कोटींहून जास्त वर्षं प्रवास करत आपल्या पृथ्वीवरून गेली, आणि माणसांनी ती मोजली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात, त्यात लेझरचा प्रकाश, टोकांना आरसे. सुरकुती जाताना एक नळी किंचित लांब होते आणि दुसरी किंचित आखूड. किंचित म्हणजे अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाइतकी.

सरांनी विचारलं, कुणाला काही शंका? माझ्या शेजारी बसणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, सर, मग ते लोक श्वास कसा घेतात?

सर रागावले. पण मला आता वाटतं, त्या दिवशी वर्गात विचारला गेलेला तोच सगळ्यात चांगला प्रश्न होता. या सगळ्या कामाचं दुखणं तेच आहे. सुरकुती पकडायची ती नंतर. आधी बाकीचं सगळं हलायचं थांबलं पाहिजे.

अशीच एक वेधशाळा आता आपल्या मराठवाड्यात उभी राहते आहे. तिथल्या मुख्य आरशांची टांगणी आमच्या कुवतीच्या पलीकडची. पण मोठ्या कामात लहान कामंही असतात. बाजूला ठेवायच्या एका छोट्या टेबलाखाली, जमिनीची थरथर वर चढू न देणारं स्टँड हवं होतं, आणि पुण्यातली एक संस्था त्यासाठी छोट्या कारखान्यांकडून नमुने मागवत होती. मी ते वाचलं आणि साहेबांच्या मागे लागले. आठ दिवस लागले होते त्यांना हो म्हणायला. हो म्हणताना त्यांनी अट साधी ठेवली. एप्रिलच्या शेवटी पुण्याच्या मॅडम चाचणी घ्यायला येणार. स्टँड पास झालं तर हे काम पुढे चालू. नापास झालं तर गाळा सोडायचा आणि मीही दुसरं काही बघायचं. हे ते रागाने म्हणाले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, गिरणीच्या रबराला एम.एस्सी. लागत नाही हो.

तर स्टँड तयार झालं. खाली लोखंडाची जाड पाटी, तिच्यावर स्प्रिंगा, वर दुसरी पाटी, मग रबर, मग तिसरी पाटी. दिसायला उतरंडीसारखं. ज्या शनिवारी ते बाळकुमला मांडलं, त्या दिवशी आई डोंबिवलीहून मुद्दाम आली. आम्ही दोघी डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहतो. तिने पिशवीतून नारळ, हळदकुंकू आणि स्वतः ओवलेलं लिंबू-मिरची काढलं. आईचं लिंबू-मिरची दोऱ्यात नसतं, तारेत असतं, कारण दोरा कुजतो आणि दृष्ट त्या आधी कुजेलच असं नाही. वर सात मिरच्या, मधे लिंबू, खाली बिब्बा. साहेबांनी शिडी आणून ते छपराच्या लोखंडी अँगलला, बरोबर स्टँडच्या वर, बांधलं.

ते झुलायला लागलं. आता मी या कामाची जबाबदार माणूस. मी म्हटलं, आई, असं लटकतं ठेवलं तर वाऱ्याने झुलेल आणि मोजमापात येईल. मग पूर्ण शास्त्रीय विचार करून मी तारेचं खालचं टोक ओढलं आणि स्टँडच्या वरच्या पाटीच्या बोल्टाला पीळ देऊन घट्ट बांधून टाकलं. लिंबू झुलायचं थांबलं. साहेब खूश झाले. आई म्हणाली, शिकलेल्या माणसाचं हे असं असतं, देवाचं कामसुद्धा नीट करतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, मी हेडफोन लावून यंत्राचाच आवाज ऐकत बसले होते. जमिनीची थरथर कानाला ऐकू येईल अशी करून देणारी त्यात सोय आहे, आणि एरवी तिथे नुसती खरखर असते. त्या दिवशी खरखरीतून एक ठोका आला. मग थोड्या वेळाने दुसरा. तिसरा जरा लवकर. चौथा आणखी लवकर. पडद्यावरच्या रेघेला उंचवटे यायला लागले, आणि ते जवळजवळ येत, उंच उंच होत चालले.

ज्यांनी ते चित्र पाहिलं आहे त्यांना माझी अवस्था कळेल. कृष्णविवरांच्या शेवटच्या फेऱ्यांचं चित्र असंच असतं. लाटा जवळजवळ येतात, उंच होतात, आणि मग संपतं. बाळकुमच्या गाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या यंत्राला अवकाशाची सुरकुती कधीही कळणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी त्याची पाच कारणं लिहून आले असते. तरी अर्धा मिनिट मी ती पाचही कारणं विसरले, आणि त्या अर्ध्या मिनिटात मी आईला फोन केला. म्हटलं, आई, मला वाटतं कृष्णविवरांचं काहीतरी आलंय.

मग मला शिंक आली. एक नाही, लागोपाठ सहा. हेडफोन खाली पडला, आणि भिंतीपलीकडून धप, धप, धप असा आवाज ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर शेजारच्या गाळ्याचं कुलूप निघालेलं. आत मसाल्याचा डंका चालू होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मोटारीवर फिरणाऱ्या दांड्याने लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि खाली लोखंडी उखळात आपटतात. चालू करताना सावकाश, मग वेग धरतात. चार मुसळं, चार उखळं. बाहेरच्या बाकांवर भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बायका रांगेत बसलेल्या. ठाण्यातल्या बायका वर्षाचा मसाला मार्च ते मे कुटून घेतात, आणि आपला मसाला कुटला जाताना स्वतः समोर बसतात, म्हणजे दुसरीचा त्यात मिसळत नाही.

मी आईला परत फोन लावला तोपर्यंत तिचे आमच्या मजल्यावर पेढे वाटून झाले होते, आणि ती वरच्या मजल्यावर निघाली होती. पेढे परत घेता येत नाहीत. तळमजल्यावरचे काका अजूनही मी दिसले की विचारतात, काय गं, भोक काय म्हणतंय?

डंका होता आमच्या गाळ्यांच्या मालकीणबाईंचा. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणायला लागले. बाळकुमच्या जुन्या घराण्यातल्या, एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची खाडीकडे भातशेती होती, आता त्या जागी गाळे आणि इमारती. वय साठीच्या पुढे, गळ्यात भरगच्च सोनं, आणि मिरचीच्या त्या धुरळ्यात नाकाला साधा पदरही नाही. मावशींना शिंक येत नाही. मी त्यांना विचारलं, हे असं किती दिवस चालणार? म्हणाल्या, जूनपरत. मी सांगितलं की माझं यंत्र हलतंय. त्यांनी मान हलवली आणि समजुतीने म्हणाल्या, "माजा पन हालतंय, बाय. हालला नाय तर कुटंल कसा?"

मी परत येऊन स्प्रिंगांचा खोका उघडला.

पुढचे सहा आठवडे मी स्टँडशी झगडले. स्प्रिंगा बदलल्या. रबर मऊ घेतलं, मग कडक घेतलं, मग दोन्ही एकावर एक. डंका चालू झाला की रेघ नाचायची, बंद झाला की झोपायची. सगळ्यात वाईट गोष्ट मी साहेबांना बरेच दिवस सांगितलीच नाही. जमीन जेवढी हलत होती, त्याहून स्टँडची वरची पाटी जास्त हलत होती. म्हणजे आम्ही थरथर अडवणारं नाही, वाढवणारं स्टँड बनवलं होतं. मी माझी कॉलेजातली वही काढून सगळं पहिल्यापासून मांडलं. वहीत काही चूक सापडत नव्हती. मग मला वाटायला लागलं की चूक माझ्यातच आहे. तालुक्याच्या कॉलेजात कदाचित स्प्रिंगचा धडा वेगळा शिकवत असतील. साहेब रोज विचारायचे, जमतंय ना? मी म्हणायची, जमतंय. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि त्यामुळे माझा डबा रोज तसाच घरी जायचा.

चाचणीला चार दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं, त्या एका दिवसापुरता डंका बंद ठेवायची विनंती करायची. मनाला सांगितलं, प्रत्यक्ष वेधशाळेत शेजारी डंका थोडाच असणार आहे.

मावशी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी विनंती केली, तर त्यांनी कारण विचारलं: सांग, कनाला बंद ठेवू? मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि दोन कृष्णविवरांपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन काली भोकां एकात एक गेली. मंग?"

"मग अवकाश हललं, मावशी."

"कवा?"

"शंभर कोटी वर्षांच्याही आधी."

त्यांनी बाकावरच्या बायकांकडे बघितलं. "आन् या बाया बग. आर्धा तास बसाया लागला तर मना बोलतान."

कृष्णविवरांनी काम होत नाही हे दिसल्यावर मी न्यूट्रॉन ताऱ्यांवर आले. म्हटलं, काही तारे मरताना आकसून इतके घट्ट होतात की त्यांचा चमचाभर तुकडा डोंगराइतका जड भरेल. असे दोन तारे एकमेकांवर आपटले की तेव्हाही अशीच सुरकुती येते. आणि त्या आपटण्यात सोनं तयार होतं.

देठ खुडणारा हात थांबला. "सोना?"

"हो. पृथ्वीवरचं पुष्कळसं सोनं असंच, फार पूर्वी कधीतरी ताऱ्यांच्या आपटण्यातून आलं असं शास्त्रज्ञ म्हणतात."

"यो पन?" त्यांनी गळ्याला हात लावला.

मी म्हटलं, ते पण. मावशींनी गळ्यातलं सोनं बोटांत धरून बघितलं. मग म्हणाल्या, "माजे सासूनी दिला यो. ती बोलायची, माहेरशी आनला. तारं आपटलं ता काय नाय बोलली." आणि लगेच म्हणाल्या की बुधवारी डंका बंद. पण सोनं कुटताना बघायला त्या स्वतः येणार. मी सांगितलं, दिसणार काही नाही, नुसती एक सरळ रेघ दिसेल. म्हणाल्या, नाय दिसला तर नाय दिसला, मी येनार.

हे इथवर ठीक होतं. पण बुधवारच्या गिऱ्हाइकांना डंका का बंद आहे हे सांगणं भाग होतं, आणि मावशींनी ते त्यांच्या पद्धतीने सांगितलं. बुधवारी सकाळी मी गाळ्यावर पोचले तर बाहेर पंधरा-वीस बायका. कळव्याच्या, राबोडीच्या, एक तर थेट कल्याणहून आलेली. सगळ्यांच्या मांडीवर मिरच्यांच्या पिशव्या होत्या, कारण आलोच आहोत तर, असा विचार प्रत्येकीने केला होता.

पुण्याच्या मॅडम बारीक अंगाच्या, पायात साधी चप्पल, हातात स्वतःचा चहाचा थर्मास. बायकांकडे बघून त्यांनी साहेबांना विचारलं, आज इथे काही कार्यक्रम आहे का? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, परिसरातल्या महिलांना विज्ञानाची आवड आहे. मॅडमना बरं वाटलं. त्या म्हणाल्या, मग आत येऊ द्या, फक्त शांत बसायला सांगा.

चाचणी सुरू झाली. एक यंत्र जमिनीवर, एक वरच्या पाटीवर, पडद्यावर दोन रेघा. दोन्ही सरळ. भिंतीला टेकून सगळ्या बायका बसल्या होत्या आणि कुणी हलत नव्हतं. मावशींनी सगळ्यांना बजावलं होतं की आवाज झाला तर सोनं पळून जातं. माझ्या शेजारी बसलेली कल्याणची बाई खरोखर श्वास धरून बसली होती. मला कॉलेजातली ती मुलगी आठवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेबांचा चष्मा आज पुसायचा राहिला होता. मला वाटलं, जमलं.

मग कुणाच्या तरी पिशवीचं तोंड सैल झालं. पहिली शिंक कोपऱ्यातून आली, आणि पडद्यावर बारीक काटा उठला. मॅडमनी पेन उचलून विचारलं, ही खूण कसली? मी म्हटलं, शिंक, मॅडम. त्यांनी तसं लिहिलं. त्यानंतर लिहिणं त्यांना जमलं नाही, कारण शिंका थांबेनात, आणि त्यातल्या तीन मॅडमच्या स्वतःच्या होत्या. एकट्या मावशी शांत बसून राहिल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, बाईसाहेब, तुमचेसाठी डंका बंद ठेवला, यांचा मसाला र्‍हायला, आता सोना कवा व्हनार ता सांगा.

मॅडमनी डोळे पुसले. "कसला डंका?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, रेघ नाचते इथपासून ते स्प्रिंगा बदलल्या इथपर्यंत. साहेब माझ्याकडे बघत होते. जमतंय ना, जमतंय, असं आम्ही सहा आठवडे जे बोलत होतो, त्याचा अर्थ त्यांना त्या मिनिटाला कळला असावा. मॅडम रागावल्या नाहीत. थर्मासच्या झाकणात चहा ओतत म्हणाल्या, "शांत जागेत शांत बसायला स्टँड कशाला हवं? तिथे साधा पाट ठेवला तरी बसेल. आमच्या तिकडे ट्रॅक्टर आहेत, वारा आहे, शेकडो किलोमीटरवरचा समुद्र किनाऱ्याला धडकतो तेही आम्हाला जमिनीतून कळतं. तुमचं स्टँड काय करतं ते मला हे सगळं चालू असताना बघायचंय." आणि मावशींकडे वळून त्यांनी विनंती केली, डंका चालू करता का?

मावशींना याहून आनंदाची गोष्ट नव्हती. बायका पिशव्या घेऊन रांगेला धावल्या. भिंतीपलीकडे मोटार घुरघुरली. धप. धप. धप-धप. पडद्यावर वरच्या पाटीची रेघ उठली, जवळजवळ येत, उंच होत, आणि मग पार वेडीवाकडी झाली. खालची, जमिनीची, त्या मानाने कितीतरी सभ्य होती.

मॅडम दोन्ही रेघा बघत राहिल्या. "वरची पाटी जमिनीपेक्षा जास्त हलतेय. हे कसं?"

साहेबांसमोर, त्यांच्या एका वाक्यावर मिळालेल्या नोकरीत, मला म्हणावं लागलं, "माहीत नाही, मॅडम." वाटेत नळपाड्याला एका कोचिंग क्लासची 'शिक्षक पाहिजेत' ही पाटी मी जाता-येता वाचायची. तिच्यावरचा फोन नंबर मला त्या क्षणी पाठ आठवला.

डंक्यावर रांग लावून देऊन मावशी सोनं बघायला परत आल्या. पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यांचं सगळं आयुष्य मिरचीत गेलेलं. त्यांची नजर वर गेली, छपराकडे, आणि तिथेच राहिली.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "तुजी मिरची बग. कुटाया लागली."

आम्ही तिघांनी वर बघितलं. आईच्या सात मिरच्या, लिंबू आणि बिब्बा डंक्याच्या प्रत्येक ठोक्याला थरथरत होते. झुलत नव्हते. ताठ तारेवर जागच्या जागी थरथरत होते, मुसळाच्या तालावर. मॅडमनी बोट वर केलं. अँगलपासून ते बोट तारेवरून खाली आलं, मिरच्यांवरून, लिंबावरून, बिब्ब्यावरून, आणि स्टँडच्या वरच्या पाटीच्या बोल्टावर येऊन थांबलं. साहेब बाहेर जाऊन शेजारी डोकावून आले आणि म्हणाले, हा अँगल भिंतीवरून पलीकडे जातो, आणि डंक्याची चौकट वर त्यालाच बोल्टाने धरली आहे.

म्हणजे स्प्रिंगा खालून येणारी थरथर इमानदारीने अडवत होत्या, आणि वरून तारेने ती थेट पाटीवर उतरत होती.

"हे कुणी बांधलं?" मॅडमनी विचारलं.

"वरून साहेबांनी. खालून मी."

"खालून का?"

"लिंबू झुलू नये म्हणून. मोजमापात येईल, म्हणून."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग पक्कड मागितली. पक्कड आणली खरी, पण साहेब ती देईनात. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ओवलं तुमच्या आईंनी, तोडायचं आपण, त्यांना एकदा विचारलेलं बरं. त्यामुळे डंका चालू, बायका शिंकताहेत, मॅडम हात पुढे करून उभ्या, आणि मी डोंबिवलीला फोन लावून आईची परवानगी मागते आहे, असं ते दृश्य होतं. आईने सगळं ऐकलं. म्हणाली, काढ, पण पायाखाली येऊ देऊ नको. मग जरा थांबून म्हणाली, "पण खालचं टोक बांधायला मी सांगितलं नव्हतं हं. ते तुझ्या शिक्षणाचं."

मी बोल्टाचा पीळ सोडवला. मावशींनी शिडीवर चढून वरचं टोक काढलं.

डंका तसाच चालू होता. छपराचा पत्रा वाजत होता, थर्मासच्या झाकणातला चहा थरथरत होता, धप धप छातीत कळत होतं. पडद्यावर जमिनीची रेघ उड्या मारत होती. वरच्या पाटीची रेघ हळूहळू बसत गेली, बसत गेली, आणि सरळ झाली. मला उठून वायर बघावी लागली. वायर जागेवर होती.

साहेबांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला. मावशींनी वाकून पडदा बघितला आणि विचारलं, ही रेघ सरल झाली म्हंजे सोना झाला का? मॅडम म्हणाल्या, झालं म्हणा. मावशींनी बाहेर जाऊन तसं जाहीर केलं.

स्टँड पास झालं. अहवालात शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं आहे: चाचणी शेजारी मसाल्याचा डंका चालू असताना घेतली, निकाल समाधानकारक. खाली आणखी एक ओळ आहे: लिंबू, मिरच्या व बिब्बा यांचा स्टँडला कुठेही स्पर्श नसावा. साहेबांनी तो कागद काचेत बसवून कार्यालयात लावला आहे. जाताना मॅडमनी अर्धा किलो मसाला नेला. आईचं लिंबू-मिरची मावशींनी त्यांच्या दारावर टांगलं, आणि तिथे ते मनासारखं झुलतं.

त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक नव्या स्टँडची डंका चाचणी होते. साहेबांनी ती नियमातच घातली. अडचण एकच आहे. डंका एरवी बंद असतो, आणि मावशी तो रिकामा चालवत नाहीत, रिकाम्या उखळात मुसळ आपटलं की फुटतं म्हणतात. म्हणून पावसाळ्यात, हिवाळ्यात चाचणी असेल तर काहीतरी कुटायला न्यावं लागतं. कारखान्यातल्या सगळ्यांच्या घरी आता दोन वर्षं पुरतील एवढे कुटलेले धने झाले आहेत. मागच्या महिन्यात तिसरं स्टँड पुण्याला गेलं. मॅडमनी त्या वेळी पूर्ण तीन तासांची चाचणी मागितली, आणि तीन तासांत आमची हळकुंडं सहा किलो कुटून झाली. आई ती हळद पुड्या बांधून इमारतीत वाटते आहे. तळमजल्यावरच्या काकांना दोन पुड्या गेल्या आहेत.